अवजार, आयुध, हत्यार, शस्त्र : बंदुकीची चार नावे

(कुळगी येथे लेखक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



एका जुन्या चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझीच आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी रानाच्या कडेच्या एका गावात प्राथमिक शाळेवर शिक्षक होतो. चौथीच्या मुलांना एकदा सांगितले, ‘घरातल्या अवजारांची नावे लिहून आणा.’ दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. विळा, कोयता, कुदळ, पहार, पाटा-वरवंटासुद्धा. एका मुलाच्या यादीत कोयत्याच्या खाली ‘बंदूक’ होती. मी लाल शाईने तो शब्द खोडला आणि शेजारी लिहिले, ‘हे अवजार नाही, शस्त्र आहे.’ मुलाने वही पाहिली आणि अगदी सरळपणे म्हणाला, ‘गुरुजी, पण ती डुकरांसाठी आहे.’

तेव्हा मी हसलो आणि पुढची वही उघडली. पुढे पुष्कळ वर्षांनी लक्षात आले की मुलगा भाषेची चूक करत नव्हता. त्याच्या घरात ती वस्तू जिथे ठेवली होती, तिथेच त्याने तो शब्द ठेवला होता. बंदुकीबद्दल वेगवेगळ्या ठिकाणची माणसे वेगवेगळे का बोलतात, असा प्रश्न आला की मला ती वही आठवते. आजचे माझे म्हणणे त्या वहीतूनच निघाले आहे. कोणता समाज बंदुकीकडे कसा पाहतो हे समजून घ्यायचे असेल, तर तो तिला कोणत्या वस्तूंच्या शेजारी ठेवतो ते पाहावे. मराठीत त्यासाठी चार शब्द तयारच आहेत : अवजार, आयुध, हत्यार आणि शस्त्र. आपण ते सरमिसळ वापरतो, पण प्रत्येकाचे घर वेगळे आहे.

आधी आपण बसलो आहोत तिथलेच पाहू. कुळगी हे काळी व्याघ्र प्रकल्पातले गाव. दांडेलीचे अभयारण्य १९५६ चे. २००७ मध्ये अणशी आणि दांडेली मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. जोयडा तालुक्यातले कुणबी शेतकरी कंदमुळांसाठी प्रसिद्ध आहेत. आता कंद म्हटला की रानडुक्कर आलेच. जमिनीखालचे पीक जमिनीवरून दिसत नाही, पण डुकराच्या नाकाला ते बरोबर कळते. एका रात्रीत कळप वाफा नांगरल्यासारखा उकरून ठेवतो. भाताला गवा, फळाला वानर, नारळ-सुपारीला माकड. म्हणून या पट्ट्यात ‘राखण’ हा शेतीच्या कामातला एक स्वतंत्र भाग आहे. माळ्यावर बसणे, डबे बडवणे, कुई घालणे, आगटी पेटवणे, गोफण फिरवणे. आणि या सगळ्याच्या शेवटी, ज्याच्याकडे परवाना असेल त्याची ठासणीची बंदूक.

ठासणीची बंदूक कशी चालते हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगायला हवे. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग चिंधी किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. मागे टोपी बसवायची, घोडा ओढायचा, मग चाप. एक बार निघाला की हे सगळे पहिल्यापासून करायचे. म्हणजे ही बंदूक घाईची नाही. तिच्या आवाजाने कळप बुजतो, आणि राखणदाराला पुष्कळदा तेवढेच हवे असते.

कायदा लिहिणाऱ्यांनाही हा फरक ठाऊक होता. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पीक राखण्याची खरी गरज असेल तर त्या परवान्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे, अशी ती सोय आहे. एवढ्या कठोर कायद्याच्या पोटात ‘अवजार’ या अर्थाला दिलेली ही लहानशी जागा.

पण दुसरा कायदा या जागेला कुंपण घालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौतिसाव्या कलमाप्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन्यजीव खात्याकडे नाव नोंदवायचे असते. त्या परिघात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही. यामागचे कारण उघड आहे. पीक राखणारी नळी आणि सांबर मारणारी नळी एकच असते, आणि रात्रीच्या अंधारात उद्देश दिसत नाही. म्हणजे दहा किलोमीटरच्या रेषेच्या एका बाजूला जी वस्तू अवजार, ती दुसऱ्या बाजूला संशयाची वस्तू. बंदूक बदलत नाही. तिच्याभोवतीची जागा बदलते.

निवडणूक आली की हाच प्रकार वेळेच्या बाबतीत होतो. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. कोणाची बंदूक जमा करून घ्यायची हे जिल्ह्याच्या छाननी समितीने पाहावे, अशी निवडणूक आयोगाची व्यवस्था आहे. तरी पिकाचे दिवस आणि मतदानाचे दिवस एक आले की कोकणपट्टीतले, गोव्यातले, कारवार जिल्ह्यातले शेतकरी तक्रार करतात. त्यांचे म्हणणे असे : शहरातल्या गुंडाच्या पिस्तुलाला जो नियम, तोच आमच्या राखणीच्या नळीला का? आणि ठाण्यातल्या माणसाचे म्हणणे असे : गोळी सुटल्यावर ती कोणाच्या नावाने सुटली हे गोळीला ठाऊक नसते. दोघांचेही खरे आहे. एक अवजाराबद्दल बोलतो, दुसरा हत्याराबद्दल. वस्तू एकच असल्यामुळे आपण एकाच गोष्टीवर भांडत आहोत असे दोघांनाही वाटते.

‘हत्यार’ या शब्दाकडे येतो. हत्यार म्हणजे सरकारने हिसकावून घ्यायची वस्तू, हा अर्थ आपल्या मुलखात १८५७ नंतर पक्का झाला. त्या वर्षी कंपनी सरकारने शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला आणि दक्षिण मराठा मुलखात लोकांना हत्यारे खाली ठेवायला सांगितले. मुधोळच्या घोरपडे संस्थानात हलगली नावाचे गाव आहे. तिथल्या बेडरांनी हत्यारे द्यायला नकार दिला. शिकार आणि शिपाईगिरी हेच त्यांचे जगणे होते. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौजेने गावाला वेढा घालून ते जाळले आणि डिसेंबरमध्ये १९ जणांना फाशी दिले. या घटनेवर कन्नडमध्ये लावणी झाली. जॉन फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे ती मिळवून छापली, म्हणून आज आपल्या हाती आहे. लेखकांनी तिच्यातली एक गोष्ट मुद्दाम पाहावी. फौजेने गावातून काय काय नेले याची यादी लावणीकार देतो. त्या यादीत कुऱ्हाडी आणि लोखंड येते, तसेच दूध, लोणी, मीठ आणि तेलही येते. कायदा शस्त्रांचा होता. गावातून गेला तो संसार. गावाच्या दृष्टीने हत्यार आणि अवजार यांच्यामध्ये भिंत नव्हतीच.

आता नकाशावर नैर्ऋत्येला या. आज जोयडा म्हणतो तो तालुका तेव्हा सुपा होता. मूळचे सुपा गाव पुढे काळी नदीवरच्या धरणात बुडाले. सावंतवाडीकडच्या बंडातली काही माणसे १८५८ मध्ये गोव्याच्या हद्दीवरून या सुप्याच्या रानात उतरली. फडणीस बंधू आणि सिद्दी समाजातला बास्तियन ही नावे त्या उठावात येतात. १८५९ पर्यंत हे रान इंग्रजांना पुरते हाती लागले नाही. मराठी-कोकणी बोलणारे आणि सिद्दी एकत्र लढले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात क्वचितच दिसते.

आणि आता दक्षिणेला, कोडगूला चला. तेच सरकार, तीच वर्षे. पण १८६१ मध्ये कोडव लोकांना शस्त्रबंदीतून सूट मिळाली. कारण असे दिले गेले की ते सरकारशी एकनिष्ठ राहिले. म्हणजे १८५७ ते १८६१ या चार वर्षांत, आजच्या एकाच कर्नाटक राज्याच्या सीमेत, हलगलीला बंदुकीसाठी फाशी मिळाली, सुप्याच्या रानात बंदुकीसाठी माणसे हुडकली गेली आणि कोडगूला बंदुकीचा मान मिळाला. यात कोणाच्या रक्तातल्या गुणाचा संबंध किती आणि सरकारच्या सोयीचा किती, हे आपणच ठरवा. ‘अमुक समाज मुळातच बंदूकवेडा’ किंवा ‘तमुक समाज मुळातच शांत’ असे कोणी म्हणाले की मी आधी विचारतो, त्यांच्याकडची बंदूक कोणी काढून घेतली होती, आणि कोणी ठेवू दिली होती?

तरीही कोडगूची गोष्ट नुसत्या सरकारी सवलतीची नाही. तिथे बंदूक ‘आयुध’ आहे. आपण खंडेनवमीला शस्त्रे पुजतो, पण आता पूजेत विळा-कोयत्याबरोबर मोटारसायकल आणि संगणक येतात. कोडवांचा कैलपोळ्द हा सण सप्टेंबरच्या सुरुवातीला येतो, भाताची लावणी संपल्यावर. त्या दिवशी घरातल्या बंदुका पुसून देव्हाऱ्याजवळ ठेवतात आणि फुलांनी सजवतात. घरात मुलगा झाला की एक बार काढायचा, माणूस गेला की दोन. पुत्तरी सणाला भाताची पहिली पेंढी कापतानाही बार काढायचा. अशा घरात बंदूक जन्ममरणाची साक्षीदार असते. ती सवलत आजही चालू आहे. कोडव समाजाला आणि जम्मा जमिनीच्या धारकांना मिळालेली सूट केंद्र सरकारने २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी वाढवली, आणि तिला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये फेटाळले.

इथे एक भाषेची गोष्ट सांगायलाच हवी. कैलपोळ्दला बंदुकीच्या नळीत जे फूल खोवतात त्याला कोडव भाषेत ‘तोक-पू’ म्हणतात. तोक म्हणजे बंदूक, पू म्हणजे फूल, बंदुकीचे फूल. पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे फुलते तेच हे. मराठीत त्याचे नाव कळलावी. घरात आणले तर भांडण लागते, अशी आपल्याकडे समजूत. एकच वेल, एकच सह्याद्री. एका बोलीने त्या फुलाला मानाच्या वस्तूचे नाव दिले, दुसरीने कळीचे. दोन समाजांच्या वृत्तीतला फरक दाखवायला मला यापेक्षा नेमका दाखला सापडलेला नाही. आणि तरी यावरून मराठी माणूस शांत आणि कोडव तापट, असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचाच होईल. फुलाचे नाव सवयीची गोष्ट सांगते, स्वभावाची नाही.

चौथा शब्द ‘शस्त्र’. हा कायद्याचा आणि राज्यघटनेचा शब्द. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट होती. त्यामुळे स्वातंत्र्याच्या चळवळीत बंदुकीचा परवाना हा अपमानाचा प्रश्न बनला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला. अहिंसेच्या गांधीजींनीही आत्मकथेत, साऱ्या प्रजेला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत केली आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता.

मग स्वतंत्र भारताच्या घटनेत तो का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा : कराचीचा ठराव परक्या सरकारच्या बंदीविरुद्ध होता, ती परिस्थिती आता उरलेली नाही, कोणीही बाजारात जाऊन हवे ते शस्त्र विकत घेऊ लागला तर राज्य चालणार नाही, आणि देशाच्या रक्षणाचा प्रश्न आला तर महत्त्वाचे आहे ते शस्त्र धरण्याचे कर्तव्य, हक्क नव्हे. आज आपल्या घटनेत मूलभूत हक्कांच्या प्रकरणात शस्त्राचा संबंध मुख्यतः दोन ठिकाणी येतो. पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात शीखांच्या कृपाणाचा उल्लेख आहे, ते आयुध. आणि एकोणिसाव्या कलमात शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. आपल्या घटनेने हक्क दिला तो ‘विनाशस्त्र’ जमण्याचा. या एका शब्दात आपल्या प्रजासत्ताकाची भूमिका आली.

याच्या समोर अमेरिकेची घटना ठेवा. तिची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. तिथे शस्त्र बाळगणे हा लोकांचा हक्क म्हणून लिहिला गेला, आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क आहे असे ठरवले. म्हणजे तिथे आपल्या चारही शब्दांपलीकडचे पाचवे नाव आहे : ‘हक्क’. २०१८ साली झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे अमेरिकेत नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. भारतात सुमारे ७ कोटी, दर शंभर माणसांमागे पाच. त्यांतल्या बहुतेक बिनपरवान्याच्या. आपल्यातल्या अनेकांची मुले, नातवंडे तिकडे राहतात. शाळेत गोळीबार झाल्यावर कसे लपायचे याची कवायत नातू करून दाखवतो तेव्हा आजीला काय बोलावे कळत नाही. तिच्या भाषेत त्या कवायतीला शब्दच नाही.

शब्द नसल्याने काय होते याचा एक दाखला सांगतो. ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बॅटन रूज शहरात सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी मेजवानीला निघाला होता. चुकून तो भलत्याच घरी गेला. घरमालक बंदूक घेऊन पुढे आला आणि ओरडला, ‘फ्रीज!’ तिथे याचा अर्थ, आहेस तिथे उभा राहा. मुलगा पुढे येत राहिला आणि मारला गेला. त्याला त्या शब्दाचा तो अर्थ कळला नसावा, असे पुढे पुष्कळांनी लिहिले. जपानमध्ये सामान्य माणसाच्या घरी पिस्तूल नसते. रोखलेली नळी बघून थांबायचे असते, हेच त्या मुलाच्या जगात नव्हते. फौजदारी खटल्यात घरमालक सुटला. मुलाच्या आईवडिलांनी जपानमध्ये सतरा लाखांवर सह्या गोळा केल्या आणि अमेरिकेतल्या घरांतून बंदुका काढा अशी विनंती तिथल्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत नेली. एका शब्दाचे दोन अर्थ एका अंगणात समोरासमोर आले, आणि मध्ये बंदूक होती.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की मी ‘अवजार’ या शब्दाची बाजू घेतो आहे. तसे नाही. त्या शब्दातही धोका आहे. कोयता चुकला तर आपले बोट जाते. बंदूक चुकली तर दुसऱ्याचा जीव जातो. रानडुक्कर समजून माणसावर बार झाल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत येतात. मारणारा पुष्कळदा मेलेल्याचाच शेजारी किंवा सोयरा असतो. रोजच्या वापराने बंदूक कोयत्यासारखी वाटू लागते, आणि अपघात तिथेच होतो. कोडगूतले आयुधही घरातल्या भांडणात हत्यार होऊ शकते. कोणतेही एक नाव पुरेसे नाही, हेच मला सांगायचे आहे.

आपली मराठी या बाबतीत बोलकी आहे. बंदूक हा शब्द अरबीतून आला. तिथे मुळात तो फळाच्या गोल बीचा, मग गोळीचा. तोफ तुर्कीतून आली, पिस्तूल आणि काडतूस पोर्तुगिजांकडून. वस्तू परक्यांची, नावेही परक्यांची. पण वाक्प्रचार आपण घरचे केले. लग्नाचा बार उडवतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो, सभेत तोफ डागतो, आणि पुष्कळदा बार फुसका निघतो. या बहुतेक वाक्प्रचारांत रक्त नाही. गंमत आहे, नाहीतर उपरोध. मराठी माणसाने बंदुकीला बराच काळ जरा लांबून पाहिले, असे त्यावरून वाटते. पण अलीकडच्या बातम्यांत ‘गावठी कट्टा’ आला आहे, वाढदिवसाच्या फलकांवर कमरेला पिस्तूल लावलेले पुढारी आले आहेत. तिथे बंदूक राखणीची नाही, पूजेचीही नाही. ती दाखवण्याची आहे. त्यासाठी आपल्याकडे अजून चांगला शब्द नाही. ‘रुबाब’ म्हणणे म्हणजे तिला शाबासकी देणे होईल. हा शब्द शोधण्याचे काम लेखकांचे आहे.

लेखकांना आणखी एक विनंती. कथेत बंदूक आणाल तेव्हा ती कोणाच्या घरातली, कुठे टांगलेली, कोणाच्या परवान्याने आलेली, हे आधी स्वतःला विचारा. जोयड्यातल्या कुणब्याच्या घरातली ठासणीची नळी आणि पुण्या-मुंबईतल्या बिल्डरच्या गाडीतले पिस्तूल यांना एकच विशेषण लावू नका. वार्ताहर मित्रांनी ‘शस्त्रसाठा सापडला’ असे लिहिण्यापूर्वी आत काय होते ते पाहावे. दोन ठासणीच्या नळ्या आणि बाटलीभर दारू यांना साठा म्हटले की एखाद्या खेड्याचे नाव कायमचे बदनाम होते.

आणि शिक्षकांना काय सांगू? मी खोडलेला तो शब्द अजून मनात आहे. ती वही आज पुन्हा माझ्यापुढे आली तर मी ‘बंदूक’ खोडणार नाही. शेजारी एवढेच लिहीन, ‘हे अवजार तुझ्या घरात आहे. इतर घरांत त्याला आणखी कोणती नावे आहेत, ती विचारून ये. आणि तिला हात लावायचा नाही, असे तुला कोणी सांगितले आहे का, तेही लिही.’ मुलाने चार घरे फिरून चार उत्तरे आणली असती, तर त्याला त्या दिवशी व्याख्येपेक्षा जास्त कळले असते. मलाही.